ऐकणाऱ्याची विद्या

गेल्या महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं त्यांतील एका गृहस्थांचें पत्र आम्हीं मुद्दाम बाजूला काढून ठेविलें होतें. पत्र मोठें आहे. त्याचा सारांश असा. घर एकत्र कुटुंबाचें, सुशिक्षित, आल्यागेल्याचें. धाकटा मुलगा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीपासून त्यानें महाविद्यालयांत जाणें सोडलें, अन्नावरची वासना उडाली, रात्र रात्र जागतो आणि दिवसां खोलीचें दार लोटून पडून राहतो. घरच्या डॉक्टरांनीं तपासून पाहिलें आणि एका समुपदेशकाकडे जाण्यास सुचविलें. तेथें मुलाच्या चार बैठका झाल्या. आतां वडिलांची तक्रार अशी कीं, ‘चार बैठकांत त्या गृहस्थांनीं मुलाला हिताची एकहि गोष्ट सांगितली नाहीं. नुसतें ऐकून घेतात. तो काय बोलला असें आम्हीं विचारलें, तर तें त्याचें त्याला सांगूं द्या, असें नम्रपणें म्हणून गप्प बसतात. सांगणारीं वडील माणसें आमच्या घरांत काय थोडीं आहेत? मग परक्या माणसानें पैसे घेऊन ऐकावयाचें, ही कोणती विद्या?’

पत्रांत राग आहे, पण त्या रागाखालीं धास्ती आहे. मुलाच्या बंद दाराकडे पाहत जो बाप रात्र काढतो त्याचा प्रश्न चार विनोदी ओळींनीं उडवून लावण्यासारखा नसतो. शिवाय हा प्रश्न त्या एकाच घराचा नव्हे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो कधींना कधीं मनांत तरी विचारला असेल. म्हणून ह्या महिन्याचें हें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

पहिला घोटाळा शब्दानेंच केला आहे. ‘समुपदेशन’ ह्या शब्दाच्या पोटांत ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि प्रत्यक्ष कामांत तर उपदेशाला जवळजवळ मज्जाव. जो मनुष्य अशा ठिकाणीं जातो त्याला काय म्हणावें हाहि प्रश्नच आहे. वकिलाकडे जाणारा तो अशील, डॉक्टरांकडे जाणारा तो रुग्ण, गुरूकडे जाणारा तो शिष्य. ह्या तिन्ही नात्यांत ज्ञान मेजाच्या एका बाजूला असतें आणि गरज दुसऱ्या बाजूला. अशिलाला कायदा ठाऊक नसतो, रुग्णाला औषध ठाऊक नसतें. तें सांगण्यासाठींच दुसरा बसलेला असतो. समुपदेशकाकडे जाणारास पुस्तकांतून ‘सल्लार्थी’ म्हणतात. आम्हीहि तोच शब्द वापरूं. परंतु येथें अर्धें ज्ञान सल्लार्थ्याच्याच बाजूला असतें, हें पहिल्यापासून ध्यानांत ठेवावें. कायदा न शिकलेल्याला कायदा ठाऊक नसतो. पण आपल्याला कोठें दुखतें हें ज्याचें त्यालाच ठाऊक असतें, आणि पुष्कळदां तें त्याला स्वतःलाहि बोलूं लागल्यावरच कळतें.

ही गोष्ट ज्यानें शास्त्र म्हणून मांडली तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) होय. त्याला ती कशी उमगली ह्याची हकीकत त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेविली आहे. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर शहरीं तो बारा वर्षें मुलांच्या प्रश्नांचें काम करीत होता. एका द्वाड मुलाची आई त्याच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचें मूळ आईनें त्याला लहानपणीं मनापासून जवळ केलें नाहीं ह्यांत आहे, असें रॉजर्सचें अनुमान होतें. ती बाई बुद्धिमान् होती. तें अनुमान तिला पटवून देण्याची त्यानें नानापरीनें खटपट केली. पण बैठकांमागून बैठका गेल्या तरी पाऊल पुढें पडेना. शेवटीं दोघांनींहि मान्य केलें कीं, आपल्याकडून शक्य तेवढें झालें, आतां हें थांबवावें. बाई उठून दारापर्यंत गेली, थबकली, मागें वळली आणि म्हणाली कीं, येथें मोठ्या माणसांनाहि मदत मिळते काय? मिळते, असें उत्तर येतांच ती पुन्हां खुर्चींत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराची कहाणी सांगूं लागली. त्या कहाणींत रॉजर्सनें जुळविलेल्या नीटनेटक्या हकीकतीचें नांवहि नव्हतें. त्यानें त्या दिवशीं ऐकून घेण्यापलीकडे फारसें कांहीं केलें नाहीं. पण तेथून पुढें आईहि सावरली आणि मुलगाहि. काय दुखतें, कोणत्या दिशेनें जावें, कोणती गांठ आधीं सोडवावी, हें येणाऱ्यालाच ठाऊक असतें, हा धडा रॉजर्सनें तेथून उचलला.

पुढें ओहायो येथील विश्वविद्यालयांत त्यानें आणखी एक धाडस केलें. बंद खोलींत दोन माणसें काय बोलतात तें सल्लार्थ्याच्या संमतीनें ध्वनिमुद्रित करून त्याचा शब्दशः अभ्यास करावा असें त्यानें ठरविलें. फोनोग्राफच्या तबकड्यांचे ते दिवस. तबकडी कांहीं मिनिटांतच भरे आणि बदलावी लागे. ह्या खटाटोपांतून १९४२ सालीं जें पुस्तक निघालें त्यांत एकाच सल्लार्थ्याच्या आठ मुलाखती शब्दास शब्द छापलेल्या आहेत. तोंपर्यंत ‘मीं असें सांगितलें आणि त्याला बरें वाटलें’ अशा ज्या आठवणी तज्ज्ञ लोक लिहीत, त्यांच्या जागीं आतां प्रत्यक्ष संवाद आला. आणि सांगणारा किती बोलतो, कोठें अडवितो, कोठें आपलेंच घोडें पुढें दामटतो, हें कागदावर स्पष्ट दिसूं लागलें. स्वतःचें बोलणें असें ऐकण्याचा प्रसंग आमच्या घरोघरच्या कर्त्या माणसांवर आला तर काय होईल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

१९५७ सालीं रॉजर्सनें आपल्या अनुभवाचें सार एका निबंधांत मांडलें. माणसांत बदल घडावयाचा तर कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, ह्याची ती यादी आहे. तींतील ऐकणाऱ्याकडे असाव्या लागणाऱ्या तीन गोष्टी आज जगभर शिकविल्या जातात. पहिली सचोटी: आंत एक आणि बाहेर एक असें नसावें, कंटाळा आला असतां आस्थेचा मुखवटा घालूं नये. दुसरी बिनशर्त आदर: ‘तूं चांगला वागलास तर मी तुझा’ अशी अट आदरास नसावी. तिसरी समजूतदार सहभाव: दुसऱ्याचें जग त्याच्या डोळ्यांनीं पाहावें, पण आपण त्यांत बुडून जाऊं नये. विहिरींत पडलेल्याला वर काढावयाचें तर त्याच्यामागून उडी घालून भागत नाहीं. कांठावर पाय रोवून खालीं वांकावें लागतें.

हीं तत्त्वें झालीं. परंतु तत्त्व ओठावर येतें तें बोलण्याच्या रीतीनें. आणि ती रीत शिकवितां येते, तिचा सराव करतां येतो, म्हणूनच तिला विद्या म्हणावयाचें.

पहिल्या भेटीपासून पाहूं. खोली अशी हवी कीं, बोललेलें बाहेर ऐकूं जाऊं नये. खुर्च्या समोरासमोर न मांडतां किंचित् तिरप्या मांडतात. समोरासमोर बसलें कीं मुलाला तोंडी परीक्षेची आठवण होते. दूरध्वनि बंद असावा. किती वेळ बसावयाचें, किती वेळां भेटावयाचें, शुल्क काय, हें आरंभींच सांगावें. बोललेलें कोणालाहि कळणार नाहीं, आणि कोणत्या प्रसंगीं मात्र कळवावें लागेल, तेंहि आरंभींच सांगावें. मग संबोधनाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या भाषेंत इंग्रजीपेक्षां नाजूक आहे. वीस वर्षांच्या मुलाला एकदम ‘अरे-तुरे’ केलें तर तो पुन्हां घरांतलाच धाकटा होऊन बसतो. ‘अहो-जाहो’ केलें तर कांहीं मुलांना परकेपणाचा गारवा लागतो. ‘तुम्हांला काय म्हणून हांक मारूं?’ हा साधा प्रश्न ज्या समुपदेशकाला सुचतो त्यानें अर्धें काम केलें असें आम्ही समजतों. कारण घरांत, शाळेंत, महाविद्यालयांत हा प्रश्न त्या मुलाला आजवर कोणीं विचारलेलाच नसतो.

बसावें कसें ह्याचेंहि शिक्षण असतें. अमेरिकेंतील जेरार्ड ईगन ह्या लेखकाच्या १९७५ सालच्या पुस्तकानें हें शिक्षण फार पसरविलें: सल्लार्थ्याकडे तोंड करून बसावें, हातपाय आंवळून घेऊं नयेत, किंचित् पुढें झुकावें, नजर द्यावी, अंग सैल असावें. परंतु ही यादी आपल्याकडे आंधळेपणानें चालवूं नये. वडीलधाऱ्यांपुढें नजर खालीं ठेवणें हें ज्या मुलीच्या अंगवळणीं पडलें आहे, तिनें नजर चुकविली म्हणून ती कांहीं लपविते असें मानणें मूर्खपणाचें होईल. त्याचप्रमाणें आपल्याकडे दुःख पुष्कळदां शरीराच्या भाषेंत येतें. ‘मी खिन्न आहें’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘छातींत धडधडतें,’ ‘डोकें जड झालें,’ ‘जीव घाबरा होतो,’ ‘कशांत मन लागत नाहीं,’ असें म्हणतात. हे शब्द त्याच्याच तोंडचे घेऊन पुढें बोलावें. त्यांच्या जागीं पुस्तकी रोगनाम आणून बसवूं नये.

आतां प्रत्यक्ष बोलण्याकडे वळूं. उदाहरणादाखल समजा, एक मुलगा म्हणतो, ‘मला सकाळीं उठावेंसेंच वाटत नाहीं.’ घरांत ह्याला काय उत्तरें मिळतात? आजोबा म्हणतात, ‘लवकर निजावें, लवकर उठावें, मन आपोआप प्रसन्न राहतें.’ वडील म्हणतात, ‘तुझ्या वयाला आम्ही पहांटे चारला उठून अभ्यास करीत होतों.’ काकू म्हणतात, ‘अरे, होईल सारें ठीक, काळजी कशाला करतोस?’ आई म्हणते, ‘माझ्याकडे पाहून तरी ऊठ रे.’ ह्या चारी उत्तरांत माया आहे, ह्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण पहिल्यांत उपदेश आहे, दुसऱ्यांत तुलना, तिसऱ्यांत वरवरची समजूत आणि चौथ्यांत गळ. आणि चारी उत्तरांचा परिणाम एकच कीं, मुलाचें पुढचें वाक्य त्याच्या घशांतच राहतें.

शिकलेला समुपदेशक येथें एवढेंच म्हणेल, ‘सकाळ झाली कीं दिवसाला तोंड देणें नको वाटतें.’ हें ऐकून मुलगा कदाचित् म्हणेल, ‘दिवसाला नाहीं. आईच्या चेहऱ्याला.’ पाहा, समुपदेशकाचा तर्क चुकला; पण तो अशा सुरांत पुढें ठेवलेला होता कीं, तो दुरुस्त करणें मुलाला सोपें गेलें, आणि ती दुरुस्ती करतांना खरी गोष्ट बाहेर पडली. दुसऱ्याच्या बोलण्यांतील आशय आणि भावना आपल्या शब्दांत त्याच्यापुढें ठेवणें, आणि ‘मला समजलें तें बरोबर आहे ना?’ असें स्वरानेंच विचारणें, हें ह्या विद्येचें मुख्य हत्यार होय. त्यानंतर थोड्या थोड्या वेळानें आतांपर्यंत काय बोलणें झालें त्याचा गोषवारा सांगतात. बोलणारास आपल्याच विस्कळीत बोलण्यांतला दोरा सांपडतो, आणि आपलें बोलणें वायां गेलें नाहीं अशी त्याची खात्री पटते.

प्रश्न विचारण्यालाहि रीत आहे. ज्याचें उत्तर ‘हो’ किंवा ‘नाहीं’ असें येतें, तसे प्रश्न ओळीनें विचारले तर उलटतपासणी होते. ‘त्या दिवशीं काय काय झालें?’ ‘तें कसें वाटलें?’ अशा मोकळ्या प्रश्नाला मोकळें उत्तर येतें. ‘कां?’ हा प्रश्न फार जपून वापरावा. ‘परीक्षेला कां बसला नाहींस?’ ह्या वाक्यांत जिज्ञासा असली तरी ऐकणाऱ्याला त्यांत आरोपच ऐकूं येतो, आणि तो कारण सांगण्याऐवजीं सबब शोधूं लागतो.

आणि सर्वांत कठीण तें मौन. बोलतां बोलतां सल्लार्थी थांबला कीं नवशिका समुपदेशक घाबरतो आणि ती पोकळी शब्दांनीं भरून काढतो. मुरलेला मनुष्य थांबतो. थांबलेल्या माणसाच्या मनांत काम चाललेलें असतें. पुढचें वाक्य जड असतें म्हणूनच तें हळू येतें. डोळ्यांत पाणी आलें तर ‘रडूं नकोस’ म्हणण्याची घाई करूं नये. रडूं नकोस ह्याचा अर्थ पुष्कळदां ‘मला हें पाहवत नाहीं’ एवढाच असतो.

येथें कोणी म्हणेल, आमच्या परंपरेंत तर उपदेशाचीच थोरवी आहे. गीता हा उपदेशच नव्हे काय? गीतेचा क्रम मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. अर्जुनाचा विषाद पहिला अध्यायभर चालतो आणि श्रीकृष्ण त्याला मध्यें तोडीत नाहींत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं ते दोन श्लोकांत त्याची निर्भर्त्सना करतात, परंतु तिचा कांहींच उपयोग होत नाहीं; अर्जुन उलट पुन्हां आपलीच बाजू मांडूं लागतो. पुढें जेव्हां तो आपण गोंधळलों आहों असें कबूल करून स्वतः होऊन विचारतो, आणि बोलून बोलून स्तब्ध होतो, तेव्हां कोठें उपदेशाला आरंभ होतो. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, सर्व सांगून झाल्यावर, ह्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसें कर, असें सांगून भगवान् निर्णय अर्जुनावरच सोपवितात. आधीं ऐकणें, विचारल्यावर सांगणें, आणि सांगून झाल्यावर मोकळें सोडणें, हा क्रम आपल्याच ग्रंथांत आहे. घरच्या व्यवहारांत मात्र आपण मधलाच भाग तेवढा उचलला.

तथापि ह्या विद्येचा एक धोकाहि सांगितला पाहिजे. नुसती रीत पाठ केली तर तिचा पोपट होतो. ‘मला फार वाईट वाटतें’—‘तुम्हांला फार वाईट वाटतें’. अशा प्रतिध्वनीला कोणीहि चिडेल. जोसेफ वाइझेनबाउम ह्या अमेरिकेंतील संगणकतज्ज्ञानें १९६६ सालीं नेमकी हीच रीत उचलून ‘एलायझा’ नांवाची एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. माणसानें टंकलेलें वाक्यच थोडेंफार फिरवून ती प्रश्न म्हणून परत करी. तिला अर्थ म्हणून कांहींच कळत नव्हतें. परंतु तो ती रचीत असतां महिनोन् महिने पाहिलेली त्याची चिटणीस बाई जेव्हां तिच्याशीं बोलावयास बसली, तेव्हां थोड्याच वेळांत तिनें त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितलें, कारण तिला खाजगी बोलावयाचें होतें! ह्या अनुभवानें वाइझेनबाउम अस्वस्थ झाला, आणि पुढें त्यानें ह्या विषयावर एक ग्रंथच लिहिला. आम्ही ह्या गोष्टीचा अर्थ दुहेरी घेतों. माणसाला ऐकून घेणाराची भूक एवढी मोठी असते कीं, तो यंत्रालाहि आपलें मन सांगूं लागतो. आणि आज तर तरुण मुलें रात्रीं अपरात्रीं खरोखरच यंत्रांना सांगत आहेत. दुसरा अर्थ असा कीं, रीत ही ऐकण्याचें सोंग करूं शकते. सोंग आणि सत्य ह्यांतला भेद ऐकणाऱ्याच्या सचोटींत आहे. म्हणूनच रॉजर्सनें आपल्या अटींत तिला स्थान दिलें.

तसेंच नुसत्या गोडव्यानेंहि भागत नाहीं. एडवर्ड बॉर्डिन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७९ सालीं दाखवून दिलें कीं, कामाचें नातें तीन दोऱ्यांचें असतें: कोठें जावयाचें ह्याविषयीं एकमत, त्यासाठीं काय करावयाचें ह्याविषयीं एकमत, आणि परस्परांविषयीं विश्वास. तिसरा दोरा बळकट असून पहिले दोन नसतील तर त्या बैठका म्हणजे गप्पा होत. तेव्हां पत्रलेखक गृहस्थांना त्यांच्या शंकेंतला न्याय्य भाग आम्ही मोकळेपणानें देतों. महिनोन् महिने नुसतेंच ऐकणें आणि कोणतीच दिशा ठरलेली नसणें, हें ह्या विद्येचें लक्षण नव्हे. मात्र चार बैठकांत दिशा ठरली नाहीं असें बाहेरून म्हणणें घाईचें आहे. पेरल्यावर चौथ्या दिवशीं माती उकरून पाहणारा शेतकरी पीक घेत नाहीं.

ही विद्या पदवीधरांच्याच हातीं असते असेंहि नाहीं. आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाचें उदाहरण आमच्या आजीबाईंनीं अवश्य ऐकावें. डिक्सन चिबांडा हे तेथील एक मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या एका तरुण रुग्णानें आत्महत्या केली. इस्पितळापर्यंत येण्यास गाडीभाड्याचे पैसे नव्हते म्हणून भेट हुकली होती. ह्या धक्क्यानंतर २००६ सालीं त्यांनीं हरारे शहराच्या एका वस्तींत चौदा आज्या निवडल्या, त्यांना ऐकण्याचें शिक्षण दिलें आणि दवाखान्याच्या आवारांत लांकडी बांकें मांडलीं. आरंभीं नांव होतें ‘मानसिक आरोग्याचें बांक’. त्यावर कोणी बसेना. आज्यांनींच सांगितलें, नांव बदला. आणि तें ‘मैत्रीचें बांक’ झालें. तेथील शोना भाषेंत ह्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणें, असा शब्द आहे. आपल्याकडे ‘विचार करकरून डोकें फिरायची वेळ आली’ म्हणतात तोच अर्थ. आज्या तोच शब्द वापरतात. आधीं मन मोकळें करावयाचें, मग त्याला उभारी द्यावयाची, मग बळ द्यावयाचें, अशा तीन पायऱ्या त्यांनीं धरल्या. आणि अनेक अडचणींतून कोणती एक आधीं सोडवावयाची हें येणाऱ्यानेंच निवडावयाचें. हरारेच्या २४ दवाखान्यांतील ५७३ लोकांवर ह्याची पद्धतशीर चांचणी झाली. २०१६ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध झाला, आणि सहा महिन्यांनंतर ह्या बांकांवर बसलेल्या लोकांचा त्रास इतरांहून पुष्कळ कमी आढळला. आपल्या गोव्यांतहि ‘संगत’ ह्या संस्थेनें हाच मार्ग धरला. तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत, मानसोपचाराची पूर्वीची पदवी नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनीं सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. त्या प्रयोगाचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला असून तो अनुकूल आहे.

मग आमच्या घरच्या आजीनेंच हें काम कां करूं नये? येथें पत्रलेखकांच्या मूळ प्रश्नाचें उत्तर येतें. हरारेची आजी त्या मुलाची आजी नव्हे. घरांत प्रत्येक शब्दाला नातें चिकटलेलें असतें. माजघरांत सांगितलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत सर्व घराला कळते. आईला सांगावें तर ती जेवणार नाहीं, वडिलांना सांगावें तर ते फीचा हिशेब मनांत करतील, भावाला सांगावें तर तो जन्मभर आठवण देईल. मुलगा घरांत बोलत नाहीं, त्याचें कारण त्याची माया आटली हें नव्हे. बोललेल्या शब्दाची किंमत कोणाकोणाला द्यावी लागेल हें त्याला पक्कें ठाऊक असतें. परक्याचा परकेपणा हाच त्याच्या उपयोगाचा भाग आहे. त्याला त्या शब्दांतून कांहीं मिळवावयाचें नसतें आणि कांहीं गमवावयाचेंहि नसतें.

म्हणूनच समुपदेशक ‘तो काय बोलला’ तें सांगत नाहीं. त्यानें एकदां सांगितलें तर ती खोलीहि माजघर होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मानसिक आजाराच्या उपचारांतील माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत, आणि जिवाला असलेला धोका हा त्यांतील मुख्य. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें तर २०१२ च्या कायद्यानें तें कळविणें बंधनकारकच आहे. पालकांनीं समुपदेशकाला विचारण्यासारखे प्रश्न निराळेच आहेत, आणि ते संकोच न धरतां विचारावे: आपलें शिक्षण काय, आपल्याला मार्गदर्शन कोण करतें, मनोविकारतज्ज्ञांकडे केव्हां पाठवाल, आणि आम्हीं घरीं कसें वागावें? पाटी लावणारा प्रत्येक जण शिकलेला असतोच असें नाहीं. ह्या प्रश्नांनीं जो रागावेल त्याच्याकडे जाऊं नये.

एका गोष्टींत मात्र वाट पाहूं नये. मुलाच्या बोलण्यांत जगणें नकोसें झाल्याचा सूर आला, तर ‘जीव देण्याचा विचार मनांत येतो काय?’ असें शांतपणें, सरळ शब्दांत विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा भेटला म्हणजे मनुष्याला हायसें वाटतें. उत्तर ‘हो’ आलें तर त्याला एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं तज्ज्ञाला गांठावें. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो प्रत्येक घरांत लिहून ठेवावा, आणि तेथें मराठींतूनहि बोलतां येतें.

बाकी घरानें काय करावें? समुपदेशकाची नक्कल करूं नये; बापानें बापच राहावें. परंतु दिवसांतून पाव घटका तरी अशी असावी कीं, जींत मुलाला अभ्यासाविषयीं, परीक्षेविषयीं, पुढच्या बेताविषयीं कोणी विचारणार नाहीं. त्याच्याजवळ बसावें, तो बोलला तर त्याचें वाक्य पुरें होऊं द्यावें, आणि पुरें झाल्यावर मनांत पांच अंक मोजून मग उत्तर द्यावें. बैठकीहून परत आल्यावर ‘काय झालें?’ असें न विचारतां ‘चहा घेतोस?’ असें विचारावें. सांगण्यासारखें असेल तें चहाबरोबर येईल. नसेल तर चहा तरी पोटांत जाईल.